न दिसणारीचं पान

वाणी मेली त्याला बरीच वर्षं झाली, आणि कुंभकोणमच्या बाजारामागच्या बोळात 'तिण्णै' नावाचं जे घर आहे, त्याचं दार रोज सकाळी तीच उघडते. दचकू नका. बाई चांगली धडधाकट आहे. तिखट खाते, डास मारते, चार काड्या कोथिंबिरीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालते. पण तिच्या घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली आहे, आणि तीही नुसती बोलण्यातली नव्हे. वडिलांनी, म्हणजे सेतुरामरावांनी, खरोखर कावेरीच्या घाटावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्याने घरी आले आणि बायकोला म्हणाले, "साईराम गेला."

साईराम म्हणजे वाणीच. धाकटा मुलगा म्हणून जन्माला आली, पण आपण मुलगी आहोत हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. घरात ते कळलं त्या दिवशी मारझोड झाली, दुसऱ्या दिवशी ती बेंगळूरच्या गाडीत बसली. तंजावूरकडची ही जुनी मराठी माणसं, पूर्वज कधी काळी राजांच्या पाठोपाठ इकडे आलेले. चार घरांत नाव असलेलं कुटुंब. त्यांनी गोविंदपुरमच्या भजनी मंडळीला सांगितलं, पोरगा बेंगळूरला तापाने गेला. मंडळी हळहळली, आईजवळ बसून रडली. फोटोला चंदनाचा हार चढला. झालं! इतकं सोपं असतं माणूस मारणं.

पुढे शस्त्रक्रिया झाली, नाव बदललं, आणि आयुष्य जरा ताळ्यावर आल्यावर वाणी गावी परतली. तिला बेंगळूरचं पाणीच मानवेना. परतली खरी, पण गावाने तिला पाहिलंच नाही. शिव्या दिल्या असत्या तर तिने चौपट परत दिल्या असत्या, जीभ तिची काही कमी नाही. पण शिव्या माणसाला देतात. सख्खी मावशी देवळाच्या रांगेत तिच्या आरपार बघून पुढे सरकली. भाऊ कृष्णकुमार, बँकेतला मोठा साहेब, स्कूटरवरून अगदी अंगाला घासून गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. असं रोज व्हायला लागलं की डोक्यात काहीतरी शिरतं हो. वाणी चालताना आपली सावली पडते का ते बघायला लागली. हॉटेलात कॉफी मागितल्यावर पोऱ्या वळेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून नजर काढायची नाही, ऐकू गेलं ना आपलं?

अशा दिवसांत तिला शिवकामी अक्का भेटली. ही सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. तिची जोडीदारीण भवानी आजारपणात वारली तेव्हा भवानीच्या माणसांनी शिवकामीला प्रेताजवळही फिरकू दिलं नव्हतं. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की आपल्यासारख्यांना बसायला एक ओटा हवा. तमिळमध्ये ओट्याला तिण्णै म्हणतात, तेच नाव घराला दिलं. घर मिळालं कारण ते दुसरं कोणी घेत नव्हतं. तिथे काहीतरी आहे, कोणी टिकत नाही, असा बोभाटा होता. अक्का मालकाला म्हणाली, "आमच्यातल्या निम्म्यांना घरच्यांनी मारूनच टाकलंय. भुतं भुतांना काय करणार?"

आता तिथे सदा राबता असतो. घरातून हाकललेली पोरं आठ-पंधरा दिवस राहतात. वकील येतो, डॉक्टरीण येते, कोणाचं रक्त तपासायचं असतं, कोणाच्या आधारवरचं नाव बदलायचं असतं. नुसतं कोणाच्या तरी शेजारी हात धरून बसायला येणारीही असतात. दवाखान्यात बेवारस म्हणून पडलेलं आपल्यातलं कोणी असलं, तर ते शरीर ताब्यात घेऊन रीतसर पोहोचवायलाही तिण्णैचीच माणसं जातात. आणि वाणीकडे आहे मागची खोली. तिथे मोठा आरसा आणि साड्यांनी भरलेलं कपाट. पट्टीश्वरमचे एक शाळामास्तर रविवारी येतात, शर्ट-पँट खुंटीला टांगतात, वाणीच्या हातून निऱ्या घालून घेतात आणि दोन तास बाईमाणूस म्हणून निवांत चहा पितात. मग पुन्हा शर्ट चढवून बस पकडतात. वाणीसारख्या निऱ्या गावात कोणाला जमत नाहीत, हे मास्तरच सांगतात.

दुपारी मात्र त्या खोलीत कोणी जात नाही. जेवणं झाली की वाणी दार लावून साड्यांच्या घड्या घालत बसते, आणि आतून बोलण्याचा आवाज येतो. तमिळ नव्हे, तेलुगू नव्हे, कोणालाही न कळणारं काहीतरी. नवीन आलेली पोरं घाबरून अक्काकडे धावतात. ते भूतबीत नसतं. वाणी मराठी बोलत असते. घराबाहेर सगळं तमिळ, मराठी फक्त घरात, अशी त्यांची रीत. आणि जिला घरच नाही तिने कोणाशी बोलायचं? म्हणून ती साड्यांशी बोलते. "कां गे, चुरगळलीस कां? थांब, नीट करते तुजला," असं त्यांच्या घरातलं जुनं मराठी. आपल्या पुण्याकडच्यांना हसू येईल, पण तिला तेच गोड लागतं.

वैशाखातल्या एका रणरणत्या दुपारी ती अशीच बोलत बसली होती, आणि दाराबाहेरून उत्तर आलं.

"कोण आहे गे आंत?"

मराठीत! वाणीच्या हातातली साडी गळून पडली. दार उघडलं तर समोर तिची आई, मीनाक्षीबाई. सेतुरामराव वारल्यापासून किती वाळली होती! अंगावरचं लुगडं दुसऱ्या कोणाचं असावं तसं दिसत होतं. अक्का पाण्याचं भांडं घेऊन आली. मीनाक्षीबाईंनी पाणी घेतलं नाही, वाणीकडे बघितलंही नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून त्या म्हणाल्या, "तुजला नांव काय आतां?"

 कितीतरी वर्षं वाणीने हाच प्रश्न ऐकला होता, मनातल्या मनात, आईच्याच आवाजात.

"वाणी," ती म्हणाली. "कां, आई?"

"हाक मारावयास नांव लागतं."

आणि मग मीनाक्षीबाईंनी, नजर कॅलेंडरवरून न हलवता, सगळं सांगितलं. कृष्णकुमारच्या मुलीचं, सुष्मिताचं, लग्न दोनदा ठरून मोडलं. आता तिसऱ्यांदा जमत आलंय. पण घरात काहीतरी वावरतंय. मधल्या खोलीत कोणी नसताना पैंजण वाजतात. बाईमाणूस स्वतःशी बोलावं तसा आवाज येतो, आणि तोही मराठीत. शेवटी इन्नंबूरच्या एका म्हातारीकडे गेले, जी सुपातले तांदूळ बघून सांगते. तिने तांदूळ पसरले आणि म्हणाली, तुमच्या घरची एक लेक वस्त्रावाचून, घासावाचून राहिली आहे, ती दारात उभी आहे. कृष्णकुमार शपथेवर म्हणाला, आमच्या घरात कधी लेक वारलीच नाही. म्हातारी म्हणाली, तांदळात लेकच दिसते.

"मी गप्प बसले," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला कळलं."

"आवाज केव्हा येतो?" वाणीने विचारलं. खरं तर तिला उत्तर ऐकायचं नव्हतं.

"दुपारी. जेवणं झाली की."

वाणीने मागे वळून खोलीकडे पाहिलं. दुपारी जेवणं झाली की ती ह्या खोलीत असते. असते ना? का तिचं काहीतरी इथून उठून तिकडे जातं, आणि तिला पत्ताच नसतो?

लग्नाआधी घरातल्या गेलेल्या बायकांना जेवू घालायचं, ही त्या बाजूची रीत आहे. सवाष्ण गेलेली असो की कुमारी, तिच्यासाठी पाट मांडतात, पाटावर निऱ्या घालून नवं लुगडं ठेवतात, समोर केळीचं पान वाढतात. ह्या घरात मग खोलीचं दार बाहेरून ओढून घेतात आणि घरातली मोठी बाई नाव घेऊन तीनदा हाक मारते. दिसत नाही, पण ती येते, जेवते आणि तृप्त होऊन जाते. शुक्रवारी दोन पानं मांडायची होती. एक गंगाबाईंचं, म्हणजे मीनाक्षीबाईंच्या जाऊबाईंचं, त्या पहिल्या बाळंतपणात गेल्या. आणि दुसरं तांदळात दिसलेल्या लेकीचं.

"पण तूं तर…" मीनाक्षीबाई अडखळल्या. "तूं आल्याशिवाय तें पान कोण जेवणार? परसदाराची कडी काढून ठेवीन. गुपचूप ये, जेव, लुगडं घे आणि जा. तूं येणार हें कृष्णाला ठाऊक नाही. पोरीचं कल्याण होऊं दे." जरा थांबून त्यांनी विचारलं, "रंग कोणता आणूं?"

"कण्हेरीसारखा गुलाबी."

"खुलेल तुजला," मीनाक्षीबाई चटकन बोलून गेल्या, आणि पदर तोंडावर धरून उन्हात निघून गेल्या.

अक्काला हे तमिळमध्ये सांगितलं तेव्हा ती भडकली. "जिवंतपणी कधी पेलाभर पाणी विचारलं नाही, आणि आता मेली म्हणून जेवायला बोलावतात! जायचं नाही तिथे. त्या पाटावर बसलीस की तुझ्याच तोंडाने कबूल केलंस, मी मेले. मग ह्या गावात तुला जिवंत कोण म्हणणार, मी?"

"अक्का," वाणी म्हणाली, "ते मला मुलगी म्हणाले."

"मेलेली!"

"होय, मेलेली. पण मुलगी."

 अक्काने वाणीच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि आत जाऊन भांडी उगाच आपटत राहिली.

शुक्रवारी सकाळी वाणी न्हाली, साधी सुती साडी नेसली आणि गोठ्यामागच्या बोळातून आपल्याच घरात चोरासारखी शिरली. कडी निघालेली होती. मधल्या खोलीत समया जळत होत्या, खिडकी बंद, वारा म्हणून नाही. दोन पाट, दोन पानं. एका पाटावर गंगाबाईंचं हिरवं लुगडं, दुसऱ्यावर कण्हेरी गुलाबी. निऱ्या घालून, पदर मागे टाकून अशी ठेवली होती की आत शरीर नसलेली बाई मांडी घालून बसली आहे असंच वाटावं. भिंतीवर साईरामचा फोटो. मिसरूड फुटलेलं ते पोर चंदनाच्या हारातून तिच्याकडे टक लावून बघत होतं. तिने त्याच्याकडे पाठ केली. निऱ्या कोणी घातल्या होत्या देव जाणे, अगदी गबाळ्या! तिला राहवेना, तिने त्या सोडून पुन्हा नीट घातल्या. मग लुगडं उचलून मांडीवर घेतलं आणि पाटावर बसली.

बाहेर बायकांची कुजबुज चालली होती. दाराच्या फटीखाली पावलांच्या सावल्या हलत होत्या. मग सगळं शांत झालं.

"गंगाबाई, जेवावयास या," आईचा आवाज आला. तीनदा. शेजारच्या पाटावर काही हललं नाही. वाणीने तिकडे बघायचं टाळलं.

"वाणी."

अगं आई गं. कसं सांगू काय झालं तिला ते! हे नाव तिने स्वतःच स्वतःला ठेवलेलं. कागदावर आलं, अक्काच्या तोंडी आलं, पण आईच्या तोंडून ते कधी आलं नव्हतं. "वाणी, जेवावयास ये गे."

तिने घास घेतला. भात, वरण, वर आईच्या हातचं आंबट-तिखट सार. डोळ्यांतून धारा लागल्या, त्या घासाबरोबर तोंडात गेल्या. दुसरी हाक आली. तेव्हा तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. बघितलं तर हिरव्या लुगड्याचा पदर, शेजारच्या पाटावरून घसरून तिच्या गुडघ्यावर येऊन पडला होता. थोपटायला हात यावा तसा. तिने तो उचलून परत ठेवला. बोटांना तो उबदार लागला.

तिसरी हाक आली. "वाणी, जेवावयास ये गे." हाकेला ओ द्यायची नसते. गेलेली माणसं ओ देत नाहीत, आणि ती तर मेलेली म्हणूनच आली होती. गप्प बसली की सगळं सुरळीत होणार होतं. पोरीचं लग्न होणार, लुगडं मिळणार, आई निर्धास्त होणार, आणि वाणी कायमची जाणार. कायमची!  तिला मुळी जायचंच नव्हतं.

"आले, आई!" ती मोठ्याने म्हणाली.

तिला वाटलं होतं किंकाळ्या उठतील, भाऊ धावून येईल, हाकलून देईल. निदान हाकलून तरी देईल! पण बाहेरून बायकांचा घोगरा, आनंदाचा स्वर आला, "आली! ऐकलंत ना? आली!" कोणीतरी घंटा वाजवली. कृष्णकुमार हुंदके देत म्हणाला, "सुष्मिता, नमस्कार कर, आत्या आली."

वाणी उठली आणि तिने दार उघडलं. अंगणाच्या कडेने सगळी माणसं पालथी पडली होती, कपाळं जमिनीला टेकलेली. आलेलीच्या तोंडाकडे बघायचं नसतं, म्हणून कोणी मान वर करीना.

"कृष्णा," ती म्हणाली, "मी आहे रे. हात लावून बघ."

"बोलतेय," तो शेजारच्या बाईला म्हणाला, आणि डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. "लेकराला आशीर्वाद दे. लुगडं घे आणि सुखाने जा. पुन्हा येऊ नकोस."

"अरे, मी जिवंत आहे!"

"होय, होय," तो समजूत घालावी तसा म्हणाला. "आता जा."

तेव्हा वाणी खरी घाबरली. समईचा उजेड तिच्या मागून येत होता, पुढ्यात पालथी पडलेली माणसं, आणि तिच्या बोलण्याने एक पापणी उघडत नव्हती. बेंगळूरला तिला ताप आला होता खरा. शस्त्रक्रियेनंतर, खाणावळीमागच्या खोलीत, शुद्ध नव्हती. कोण जाणे, त्या तापातून आपण उठलोच नसू तर? बाबांना खरंच कळलं असेल तर? तिने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. तो तिला लांबचा, दुसऱ्या कोणाचा दिसायला लागला.

"दोन्ही!" एक म्हातारी तिच्या पायांशेजारून आत बघत कापऱ्या आवाजात म्हणाली. "दोन्ही पानं उष्टी झालीत."

वाणीने वळून पाहिलं. गंगाबाईंच्या पानावरच्या भातात बोटांनी घास उचलल्याची खळगी पडली होती. त्या पानाला वाणीने हातही लावला नव्हता.  आता त्या दोघींत फरक काय उरला, हे तिला कळेना.

पालथ्या माणसांतून एकच माणूस उठलं. मीनाक्षीबाई. त्यांनी लुगड्याचा ओचा सावरला, स्वयंपाकघरात गेल्या आणि भाताचं पातेलं घेऊन आल्या. माणसांना ओलांडत त्या सरळ खोलीच्या उंबरठ्याशी आल्या.

"आई! काय करतेस?" कृष्णकुमार जमिनीवरूनच ओरडला. "गेलेल्यांच्या पानावर दुसऱ्यांदा वाढत नाहीत!"

"ठाऊक आहे मला," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

त्यांनी वाणीचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, आणि पातेल्याच्या चटक्याने गरम झालेली. त्यांनी तिला ओढत पाटावर नेऊन बसवलं, आणि स्वतः समोर जमिनीवर बसल्या. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. नीट, बराच वेळ, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"अर्धंच जेवलीस," त्या म्हणाल्या. "भात वाढूं?"

वाणीने डोळे पुसले. तिने मान हलवली, होय म्हणून.

"तोंडाने सांग गे. कळूं दे सगळ्यांना."

"वाढ, आई," वाणी म्हणाली. "पोटभर वाढ."